दक्षिणेकडून फिरलेला अँटेना

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचे फक्त तळपाय दिसले. आमच्या बंद घराच्या गच्चीवर, बाबांच्या अँटेनाच्या खांबावर, माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर. चपला मात्र खाली कठड्याशी व्यवस्थित जोडीने काढून ठेवलेल्या. चोर काही अशा नीट चपला काढून ठेवत नाही, हे माझ्या लक्षात आलं… पण तोवर मी ओरडून बसले होते.

“कोण आहे वर?”

“एक मिनिट हं. गाठ मारतोय.”

घर आमचं, खांब आमचा, आणि थांबायचं मी. पण मी थांबले. तो सावकाश उतरला, हाताची धूळ पँटला पुसली आणि जणू मीच पाहुणी असल्यासारखा म्हणाला, “वादळ येणार म्हणतात. हा मोकळा सुटून गरगर फिरत होता. दोरीने बांधून ठेवला.”

“कुणाच्याही गच्चीवर असेच चढता का तुम्ही?”

“छे. ज्याच्या गच्चीवर अँटेना आहे त्याच्याच. गावात एकच आहे.”

हसू आलं होतं, मी ते दाबलं. समोरच्या रस्त्यापलीकडे त्याचं दुकान होतं, जळलेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं. दुकानाच्या दारातून अँटेना दिसायचा. सहा वर्षं तो रोज बघत आला होता.

“रविवारी सकाळी नऊला हा पूर्वेकडे वळायचा. साडेनऊला उलटा, पश्चिमेकडे. मी त्यावर चहा टाकायचो. आठ महिने झाले, वळला नाही. …काका बरे आहेत ना?”

आठ महिन्यांत किती जणांनी किती काय विचारलं होतं. घर विकणार का, भाड्याने देणार का, वरची टाकी काढणार का. हा एकटा अँटेनावरून बाबांपर्यंत पोचला होता. मी उगाच पर्समध्ये किल्ली शोधत राहिले.

बाबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. जिने चढायला बंदी. म्हणून आई-बाबा माझ्याकडे शहरात, लिफ्ट असलेल्या इमारतीत राहायला आले. तिथे गच्चीवर साधी कपड्यांची दोरी बांधायची तरी सोसायटीच्या बैठकीत ठराव लागतो, अँटेना कुठला लावू देणार? बाबांचा हॅम रेडिओ, ज्यावर ते देशोदेशीच्या लोकांशी बोलायचे, तो खोक्यात गेला आणि त्याच्याबरोबर बाबांचा आवाजही. चाळीस वर्षं जगाशी गप्पा मारणारा माणूस आता ‘हो’, ‘नको’ आणि ‘जेवलो’ एवढ्यावर आला होता. आई म्हणायची, “चाळीस वर्षं ह्या डब्याला सवत म्हणत आले. आता ती नाही, तर माझंही घरात मन रमेना.”

“बरे आहेत, पण आता शहरात माझ्याकडेच असतात. मी हा खांब कापायला आले आहे,” मी सांगून टाकलं. “चार वाजता माणूस येणार आहे.”

त्याने खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“कापू नका. काका तिकडूनच फिरवतील.”

“दोनशे ऐंशी किलोमीटरवरून?”

“मोटरला काय कळतंय, बटण शेजारच्या खोलीतून दाबलं की दुसऱ्या गावातून?”

चार वाजता आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं. चहा त्यानेच आणला, स्वतःच्या दुकानातून, तीन कपांत. मोबाईलमध्ये मी त्याचा नंबर ‘खांबवाला’ म्हणून ठेवला, आणि परतीच्या बसमध्ये तो नंबर उगाच दोनदा उघडून पाहिला.

महिनाभर आमचं जे काही चाललं होतं त्याला कामच म्हणत होतो आम्ही. गावच्या घराच्या वरच्या खोलीत बाबांचा रेडिओ परत गेला. त्याने इंटरनेटला जोडलेली एक छोटी पेटी बसवली, म्हणजे बाबांना शहरातूनच बोलता येईल आणि अँटेनाही फिरवता येईल, खांबावर दिशा सांगणारं एक यंत्र लावलं. खांबाच्या बुडाशी, गच्चीवरच, अँटेना फिरवणारी मोटर होती. ती त्याने उघडून, तेलपाणी करून बंद केली. मी इकडे शहरात, बाबांच्या टेबलावर संगणकासमोर, तो तिकडे गच्चीवर, मध्ये फोन.

“उजवीकडचा बाण दाबा.”

“दाबला. काटा हलला.”

“काट्याचं सोडा, तो काय, सांगेल ते सांगेल. अँटेना हलला का ते मी डोळ्यांनी बघतो… हां. हलला. छान हलला. तुमचा हात हलका आहे.”

“बाणाला हात हलका-जड काय असतो?”

“असतो. काही माणसं बटण दाबतात, काही ठोकतात.”

त्यानेच मला दक्षिणेची गोष्ट सांगितली. अँटेना चहूकडे फिरतो, पण सतत एकाच बाजूने नाही. दक्षिणेला मोटरमध्ये एक अडसर असतो. तिथवर गेलं की थांबायचं आणि आल्या वाटेने उत्तरेवरून परत फिरायचं. नाहीतर केबल खांबाला गुंडाळत जाते आणि एक दिवस तुटते.

“म्हणजे दक्षिण ओलांडायची नाही,” मी म्हटलं.

“मोटरला ओलांडताच येत नाही. फार सरळमार्गी आहे बिचारी.”

“आणि तुम्ही?”

तो म्हणाला, “…उद्या बोलू का? केबल नीट बघायची आहे.” खोटारडा. केबल त्याने सकाळीच बघितली होती.

पहिल्या रविवारी नऊला बाबा संगणकासमोर बसले. बाण दाबला. तिकडून फोनवर तो म्हणाला, “काका, वळला. एकदम पूर्वेला.” बाबांनी घसा खाकरला, स्वतःचं संकेतनाव उच्चारलं, आणि खरखरीतून एक म्हातारा आवाज आला, “कुठे मेला होतास रे आठ महिने?”

तो कप्तान. बाबांचा मित्र, एकेकाळचा जहाजावरचा रेडिओवाला, निवृत्त होऊन दूरच्या एका बेटावर राहणारा. दोघं एकमेकांना कधीच भेटले नव्हते. साडेनऊला कप्तानचा आवाज खोल जायला लागला की अँटेना उलटा पश्चिमेकडे फिरवायचा. पृथ्वी गोल, तेव्हा जवळच्या वाटेने येणारा आवाज पडला की तोच मागून, लांबच्या वाटेने येतो. बाबांनी अँटेना फिरवला, कप्तान परत खणखणीत झाला, आणि बाबा हसले. मोठ्याने. स्वयंपाकघरात आईच्या हातातलं लाटणं थांबलं. मी गॅलरीत जाऊन खांबवाल्याला फोन लावला आणि काहीच बोलले नाही. तोही नाही बोलला. दोघांनी मिळून असं काहीच न बोलणं मला फार आवडलं.

तुम्हीचं तू कधी झालं ते नक्की सांगता येणार नाही. मी बस आगारात वेळापत्रकं करते, कुठली गाडी किती वाजून किती मिनिटांनी कुठे पोचते ते सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं, पण हे नाही. एवढं आठवतं की दुपारी दीडला, जेवणाच्या सुट्टीत, मी मोबाईलवरून अँटेना दहा अंश डावीकडे आणि दहा अंश उजवीकडे हलवायला लागले. दुकानाच्या दारात डबा खात बसलेल्या त्याला ते दिसायचं. लगेच फोन.

“आज काय भाजी?”

“तुला काय करायचंय? तू मोटारी भर.”

“सकाळपासून दोन भरल्या. एक पिठाच्या गिरणीची, एक विहिरीवरची. विहिरीवरची अजून तुझ्यासारखीच गुरगुरते.”

जळून कोळसा झालेली मोटर पुढ्यात आली की तो आधी तिची जुनी तार उलगडून वेढे मोजायचा. आधीच्या माणसाने किती वेढे घेतले होते, का घेतले असतील, हे समजल्याशिवाय नवी तार घालायचा नाही. “दुसऱ्याचं काम समजून घेतलं तर आपलं चुकत नाही,” म्हणायचा. मी आगारातल्या बारा साहेबांची भाषणं ऐकली आहेत, पण इतकं शहाणपणाचं वाक्य एकालाही सुचलेलं नाही. मी त्याच्या प्रेमात पडले होते. उघड सांगायचं तर त्या वेढ्यांच्या गोष्टीवरच पडले.

मग कप्तानने बातमी दिली. वय झालं, एकट्याने राहणं जमत नाही, मुलीकडे जातोय. तिथे रेडिओ चालणार नाही. आणखी तीन रविवार, मग बंद. “फोन करत जाऊ,” बाबा म्हणाले. “फोनवर काय, कुणीही बोलतं,” कप्तान म्हणाला. बाबांनी मान डोलावली आणि त्या दिवशी जेवताना पुन्हा ‘हो’, ‘नको’ सुरू झालं. मला धसकाच बसला. निदान हे तीन रविवार तरी पुरेपूर मिळायला हवेत, असं मी त्याला फोनवर सांगितलं. तो “मिळतील” म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. “दुपारचं ते हलवणं… थोडे दिवस नको करूस. मोटर तापते.”

“दहा अंशांत तापते?”

“जुनी आहे गं. हळू चालेल आता. काकांनाही सांग, रविवारी वेळ लागला तर घाबरू नका.”

माझा चेहरा पडला. दुपारचे फोन थांबले. रविवारी फोन केला तर तो धापा टाकत दोन शब्द बोलायचा, “वळला… ठेवतो.” काय समजायचं ते मी समजले. माणसाला नाही म्हणायचं असलं की तो मोटरवर ढकलतो. मी आठवडाभर डब्यातली भाजी न खाता परत आणली, आईने दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

दुसरा रविवार झाला. बुधवारी आगारात काम संपल्यावर मी सहज पेटीची नोंद उघडली. अँटेना कधी, कुठून कुठे फिरला, ते त्यात सेकंदासह लिहिलेलं असतं. अर्धा वळसा पूर्वी तीस सेकंदांत व्हायचा. मागच्या दोन रविवारी दोन मिनिटं दहा सेकंद, आणि एक मिनिट पंचावन्न. तेही अडखळत, पंधरा अंश, थांबा, वीस अंश, थांबा. एखादी गाडी दर चौकात बंद पडावी तसं. ठीक आहे, मोटर जुनी. पण आकडे कुठून गेले होते? शंभर, एकशे वीस, एकशे साठ… एकशे ऐंशी… दोनशे.

मी खुर्चीत ताठ बसले. एकशे ऐंशी म्हणजे दक्षिण. अँटेना दक्षिणेकडून पलीकडे गेला होता. मोटरला ते येतच नाही. मोटर उत्तरेवरूनच जाते. दक्षिणेकडून जातील ते फक्त हात.

धापा का टाकत होता ते मला तिथे, त्या खुर्चीत कळलं. दुपारचं का थांबवलं तेही कळलं. मी इकडे गंमत म्हणून बाण दाबला असता आणि तिकडे तो डबा टाकून जिना चढत गच्चीवर धावला असता. आणि मी वेडी आठवडाभर रुसून बसले होते.

घरी सांगितलं, रविवारी आगारात जादा काम आहे, शनिवारी मैत्रिणीकडे राहते. तिसऱ्या रविवारी सकाळी साडेआठला मी आमच्या गच्चीचा जिना चढले. बारीक पाऊस पडत होता. तो खांबाच्या बुडाशी उकिडवा बसून मोटरची पकड सैल करत होता. बाजूला हातभर लांबीचा पाईप पाना. मला बघून त्याने पाना पाठीमागे लपवला. हातभर लांबीचा.

“…तू?”

“हात दाखव.”

“काही नाही झालंय.”

“दाखव म्हणते ना.”

दोन्ही तळव्यांवर फोड आले होते, काही फुटलेले. त्यावर त्याने मोटारीला गुंडाळायची कापडी पट्टी गुंडाळली होती. मी ते हात धरून उभी राहिले.

“आतल्या दातेरी चाकाचे दात गेले,” तो अपराध्यासारखा म्हणाला. “कप्तानने बातमी दिली त्याच आठवड्यात. तसं चाक आता कुठे मिळत नाही, खराद्याकडे लेथवर करायला टाकलंय, महिना म्हणाला. काकांना सांगवेना. म्हटलं, तीनच तर रविवार आहेत.”

“आणि दक्षिणेकडून का फिरवलास?”

तो खरंच चपापला. “तुला कसं कळलं? वारा त्या बाजूने ढकलतो. फुकटचा मजूर मिळाला, वापरला. नंतर उलटा फिरवून केबल सोडवून ठेवतो दर वेळी.”

मी पट्टी नीट बांधली, पान्याचा दांडा स्वतःही धरला. नऊला त्याच्या मोबाईलवर बाबांचा बाण आला आणि आम्ही दोघांनी मिळून अँटेना पूर्वेला नेला. वरच्या खोलीतल्या रेडिओचा स्पीकर त्याने खिडकीशी आणून ठेवला होता, त्यातून दोघांचंही बोलणं ऐकू यायचं. बाबा आणि कप्तान हवेबद्दल बोलले, गुडघ्यांबद्दल बोलले, कप्तानच्या सामानात किती खोकी झाली ते बोलले. साडेनऊला आवाज खोल गेला. बाण आला. “चल,” तो म्हणाला. पावसाने दांडा निसरडा झाला होता, पण आम्ही कुठेच थांबलो नाही. तो ढकलायचा, मी ओढायची, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता आणि कप्तानचा आवाज हळूहळू वर येत स्वच्छ झाला.

“चल रे,” कप्तान म्हणाला. “बंद करतो.”

“कर,” बाबा म्हणाले.

चाळीस वर्षांनी एवढंच. मग नुसती खरखर.

मी कठड्यावर बसले. “आता बाबा परत गप्प होतील,” मी म्हटलं आणि मला रडू आलं. तो शेजारी बसला. समोर बघत म्हणाला, “मलाही आता फोन करायला कारण उरलं नाही.”

“कारण लागतं?”

“मला लागायचं. तू आवडतेस म्हणून फोन केला असं सांगायचा धीर नव्हता… म्हणून काटा बरोबर आहे का विचारायचो.”

“मला तू आवडतोस,” मी म्हटलं. “काटा बरोबर असो नसो. आणि आठवडाभर रुसले होते, त्याबद्दल माफ कर.”

“रुसली होतीस? मला वाटलं, आगारात काम वाढलंय.”

अशा माणसाबरोबर आयुष्य काढायचं होतं मला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बाबा. त्याने तो दोघांना ऐकू येईल असा लावला.

“या तीनातल्या पहिल्याच रविवारी बघितलं मी,” बाबा म्हणाले. “काटा दक्षिणेकडून गेला. मोटर तिकडून जात नाही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो असतो तर तू थांबला असतास, आणि मला ते तीन रविवार हवे होते रे. हावरटपणा झाला माझा.”

“काका, मी नसतो थांबलो.”

“आज झटके नव्हते,” बाबा म्हणाले. “सरळ फिरला. शेजारी कोण आहे?”

“…कुणी नाही.”

“त्या कुणी नाहीला सांग, जादा कामाचं तिच्या आईने आगारात फोन करून विचारलं. रखवालदार म्हणाला, आज कार्यालयाला कुलूप आहे.” मी डोळे मिटून घेतले. “असू दे. आता अँटेना उत्तरेला घ्या. तिकडे कधी ऐकलंच नाही मी, कप्तानपायी वेळच नव्हता. कोण आहे बघू.”

आम्ही पुन्हा दांडा धरला. अँटेना उत्तरेला आला. खिडकीतून बाबांचा आवाज आला, कुणी ऐकतंय का, ऐकत असाल तर बोला. दोनदा. तिसऱ्यांदा खरखरीतून एक बाई बोलल्या, निवृत्त शिक्षिका, थोड्या बिचकत. अकरा वर्षं त्या बाबांचं आणि कप्तानचं बोलणं पुसट ऐकत आल्या होत्या, मध्ये कधी बोलल्या नव्हत्या. आज पहिल्यांदा इतकं स्पष्ट येतंय म्हणाल्या. बाबांचा आवाज एकदम तरतरीत झाला.

रेडिओवर नवी ओळख झाली की आपलं यंत्र, आपला अँटेना सांगायची रीत आहे. बाबांनी रेडिओ सांगितला, खांबाची उंची सांगितली.

“आणि फिरवायला काय आहे तुमच्याकडे?” बाईंनी विचारलं. “मोटर?”

“मोटर नाही सध्या,” बाबा म्हणाले. “माझी मुलगी आणि… माझे जावई फिरवतात.”

त्याच्या हातातून पाना सुटला. वाऱ्याने अँटेना सरकला आणि बाईंचा आवाज पार बुडाला.

“अहो, धरा तो,” खिडकीतून बाबा म्हणाले, “त्या काय म्हणतायत ते ऐकू द्या मला.”

तो जागच्या जागी उभा होता, कानापर्यंत लाल. मी वाकून पाना उचलला, त्याच्या हातात दिला, आणि माझा हात तिथेच राहू दिला.